कात्रपची ट्रंक आणि परदेशाची वाट

मुंबईहून ६८ किलोमीटरवर बदलापूर. लांबच्या प्रवासात घोडे बदलायचे हे ठिकाण, म्हणून बदलापूर, असे जुने लोक सांगतात. पूर्वेला उतरून शेअर रिक्षात बसले की थोड्याच वेळात कात्रप येते. एके काळचे हे भातशेतीचे गाव आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत इमारतींनी भरून गेले आहे. तरी पावसाळ्यात ढग वर उचलले की दोन इमारतींच्या फटीतून चंदेरीचा सुळका अजून दिसतो.

इथला आपला समाज कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेला. कुणी अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागला, कुणी पहाटेच्या लोकलने मुंबई गाठत राहिला. मुंबईत घर परवडले नाही म्हणून कात्रपला घर झाले, आणि गावाकडची पत्र्याची ट्रंक इथल्या माळ्यावर चढली. त्या ट्रंकेसाठीच हा लेख.

आषाढातल्या एका रविवारी विहारातली वंदना आटोपून आम्ही तिघे कार्यकर्ते एका घरी गेलो. घरचा मुलगा इंजिनिअर. पाणी शुद्धीकरणाचा विषय घेऊन इंग्लंडच्या विद्यापीठात एम.एस्सी. करायची त्याची तयारी चालली आहे, ती दुसऱ्यांदा. पहिल्यांदा हुकले, आणि त्या हुकण्यात आमचा वाटा आहे.

झाले असे. मुलगा हुशार, प्रवेश खुल्या जागेतून मिळालेला. "मार्क आहेत, मग सवलत कशाला?" हा वडिलांचा बाणा. त्यामुळे जातीचा दाखला कधी काढलाच नव्हता. परदेशाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही मोठ्या तोऱ्यात सांगितले, "आधी प्रवेशपत्र येऊ द्या, कागद काय, होतील." प्रवेशपत्र आले. जागा राखून ठेवण्याची रक्कम भरायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या. मग शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला, तर पहिल्याच पानावर अडलो. मुदत संपली, जागा गेली, भरलेले पैसेही गेले. आवक-जावक रजिस्टरात आयुष्य गेलेल्या आम्हाला कागदाला किती दिवस लागतात हे कळायला हवे होते.

अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. कात्रपच्या घराची कागदपत्रे तिथे कामाची नाहीत. या मुलाचे आजोबा चिपळूण तालुक्यातले. म्हणजे त्यांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढा, त्यातले नाव आणि आजचे आडनाव जुळवा, आणि अर्ज तिकडच्या प्रांत कार्यालयात करा. त्यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कुणाच्या दाखल्यावर 'बौद्ध', कुणाच्या 'नवबौद्ध', तर थोरल्या भावाच्या दाखल्यावर अजून जुनीच जात. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या सवलतीही बौद्धांना खुल्या झाल्या, पण केंद्राच्या योजनेसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो.

त्या दिवशी माळ्यावरून ट्रंक खाली काढली. आजोबांचा चौथीचा दाखला निघाला, घडीवर फाटलेला, पण तारीख वाचता येत होती. मुलाची आई म्हणाली, "भाऊ, यंदा तरी आधी कागद बघा हो, मग बाकीचं." आम्ही मान खाली घातली.

मुलगा गप्प होता. एक वर्ष फुकट गेल्याचा सल त्याच्या मनात आहे. आम्ही त्याला बाबासाहेबांची पहिली नाही, दुसरी सफर सांगितली. १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले हे सगळ्यांना पाठ आहे. पण १९१६ मध्ये लंडनला पोहोचल्यावर वर्षभरातच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके युद्धात बोटीबरोबर बुडाली. येताना एक गोष्ट मात्र त्यांनी केली होती : चार वर्षांत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली होती. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये उसने घेतले, राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले.

त्याच शाहू महाराजांच्या नावाने राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे. दरवर्षी अनुसूचित जाती व नवबौद्ध समाजाच्या ७५ विद्यार्थ्यांसाठी, समाज कल्याण आयुक्तालय, पुणे यांच्यामार्फत. शिक्षण शुल्क, निर्वाहभत्ता आणि विमानभाडे मिळते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती वेगळी. दोन्हींत वय, उत्पन्न आणि विद्यापीठाचा जागतिक क्रमांक पाहतात, आणि अटी बदलत असतात, म्हणून शेजाऱ्याच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी काय केले यावर विसंबू नये, त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. केंद्राने २०२२ मध्ये आणखी एक नियम केला : भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाज यांवरच्या अभ्यासाला ही शिष्यवृत्ती नाही. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबियात भारतातील जातींवर निबंध वाचला होता. आजच्या नियमात तो विषय बसला नसता!

सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज आदल्या वर्षीच्या हिवाळ्यातच जातात. त्याआधी पासपोर्ट, इंग्रजीची परीक्षा, विद्यापीठाच्या गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रे. म्हणजे तयारी दीड वर्ष आधी, आणि जातीचा दाखला त्याच्याही आधी. पासपोर्टावरचे नाव आणि गुणपत्रकावरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हे आजच बघावे. आपल्याकडे एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे असते.

त्या रात्री बापलेक चिपळूणच्या गाडीला बसले. दाखल्याची मूळ प्रत आम्ही प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, पाऊस फार होता. आठवड्याने वडिलांचा फोन आला, रजिस्टर सापडले, उतारा मिळाला. आता प्रांत कार्यालयाची पाळी.

कात्रप, शिरगाव, कुळगावच्या ज्या पालकांची मुले पदवीच्या वर्षात आहेत, त्यांनी रविवारी वंदनेनंतर विहारात यावे, आम्ही कागद पाहून देऊ. झेरॉक्स आणाव्यात, मूळ प्रती घरीच ठेवाव्यात.