हैदराबादेतील चहाचे टेबल

परगावी गेलेल्या मनुष्याने कोठे बसून खावे, ही बाब वरवर पाहता क्षुल्लक वाटते. धर्मग्रामाच्या साप्ताहिकात तिला जागा कशासाठी, असे एखादा वाचक विचारीलही. परंतु आमच्या गावांतून नाताळच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत सहली निघू लागल्यापासून आम्ही जे पाहत आलो आहोत, त्यावरून ही बाब क्षुल्लक नव्हे असे आमचे मत झाले आहे. सहलीचा हिशेब मांडावयास बसले की बसचे भाडे, मंदिरातील दान, मुलांची खेळणी या सर्वांचा मेळ लागतो. पुरुषांच्या खिशांतून संध्याकाळी जे जाते त्याचा मेळ मात्र कोणत्याच वहीत लागत नाही. तो लागतो जून महिन्यात, शाळेची फी भरण्याच्या वेळी.

यंदा आमच्याकडील काही कुटुंबांनी हैदराबादेस जाण्याचे ठरविले आहे, आणि तेथे काय पाहावे व काय खावे, हे त्यांनी आम्हांस विचारले. त्या शहरी आमचे पुष्कळदा जाणे झाले आहे. तेव्हा उत्तर देणे आम्हांस अवघड नाही. पण उत्तर थोडे लांबणार आहे.

आपल्या मराठवाड्यास हैदराबाद परके नाही. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, तरी आपले जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते. मोठा दावा लागला की लोक हैदराबादेस जात. मोठा आजार झाला तरी हैदराबादेसच. आपल्या बोलीत जे उर्दू शब्द इतके सहज येतात, ते त्याच संसाराची शिल्लक होत. मनमाडहून निघणारी अजिंठा एक्सप्रेस औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड असे करीत आजही तिकडे जाते. मराठी लोकांनी त्या शहरात शाळा काढल्या, ग्रंथालये चालविली. काचीगुडा व सुलतान बाजार या भागांत फिरताना आजही मराठी कानी पडते.

तर त्या काळी कोर्टाच्या तारखेला जाणारी आपली वृद्ध मंडळी परत आल्यावर काय सांगत? चारमिनारविषयी थोडे, निजामाविषयी त्याहून थोडे, आणि इराण्याच्या हॉटेलाविषयी पुष्कळ. आमच्या धर्मग्रामातील एका आजोबांनी (ते आता प्रभूघरी गेले) हे आम्हांस अनेकदा सांगितले होते. त्यांच्या तरुणपणी गावच्या चहाच्या दुकानात आपल्या लोकांकरिता वेगळी कपबशी असे. ती दुकानाबाहेर वळचणीला खोचून ठेवीत. आपणच ती काढावयाची, वरून ओतलेला चहा उकिडवे बसून प्यावयाचा, आणि आपणच ती विसळून पुन्हा खोचावयाची. बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, कपबशी तीच. हैदराबादेस इराण्याने त्यांना खुर्ची दाखविली. संगमरवरी फळीचे टेबल होते, आणि समोर एक कोणी वकील बसला होता. दोघांच्या पुढे एकसारखे कप आले. आजोबा म्हणत, "फादर, त्या चहाची चव काही मला आठवत नाही. कपाला कान होता, एवढं आठवतं."

इराणी लोक हे धंद्यासाठी आलेले. मुंबईचे इराणी बहुतेक जरथुश्त्राचे अनुयायी, तर हैदराबादेतील बहुतेक मुसलमान. त्यांनी समाजसुधारणेचे व्रत घेतले होते असे आम्ही म्हणणार नाही. गल्ल्यात पडणारा आणा कोणाच्या हातचा आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. तथापि पुष्कळ पुण्यवान लोकांनी जे केले नाही ते या धंदेवाल्यांनी केले, हे नोंदले पाहिजे. आणि ज्या शहरी हे घडले त्याच शहराचे महागुरुस्वामी अँथनी पूला यांना २७ ऑगस्ट २०२२ रोजी कार्डिनलपद मिळाले, व दलित समाजातून आलेले ते पहिले कार्डिनल ठरले. ते आजोबा त्या दिवसापर्यंत जगावयास हवे होते, असे आम्हांस त्या वेळी वाटून गेले.

आता त्या चहाविषयी. आपल्या घरी आपण पाणी, दूध, साखर व पूड एकत्र उकळतो. इराण्याची रीत निराळी. तो चहाचे पाणी तोंड बांधलेल्या भांड्यात मंद आंचेवर पुष्कळ वेळ ठेवितो; दूध वेगळ्या भांड्यात आटवून दाट करितो; आणि दोहोंची भेट कपातच घडवितो. म्हणून तो चहा तांबूस, दाट, व आपल्या जिभेला अंमळ गोड लागतो. त्याबरोबर उस्मानिया बिस्किट घ्यावे. हे शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावाचे असून गोड व खारट अशा दोन्ही चवी त्यात एकाच वेळी येतात. उस्मानिया रुग्णालयातील आजाऱ्यांसाठी ते प्रथम केले गेले अशी एक कथा लोक सांगतात. खरीखोटी ती सांगणाऱ्यावर सोडावी. लुखमी म्हणून खिम्याचा एक चौकोनी समोसा असतो, तोही चाखावा. दोघांत एक चहा हवा असेल तर 'वन बाय टू' म्हणावे; वाढपी न रागावता एक चहा दोन कपांत करून आणतो. बिर्याणीविषयी आम्ही लिहीत नाही, तिची कीर्ती तिच्या आधीच घरोघर पोहोचलेली आहे.

हलीम मात्र सांगितले पाहिजे. ते रमजानच्या महिन्यातले अन्न. कुटलेला गहू व मांस मातीविटांच्या भट्टीवर तासन् तास शिजवितात, आणि माणसे उभी राहून मोठ्या लाकडी दांड्यांनी ते घोटीत असतात, इतके की गहू कोणता व मांस कोणते हे उरत नाही. या पदार्थास २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. आम्हांस आवडले ते त्यामागील शिस्तीचे दृश्य. दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसे संध्याकाळच्या बांगेपर्यंत वाढलेल्या ताटापुढे स्वस्थ बसलेली असतात. आपल्या उपवासकाळातील शुक्रवारी मांसावाचून कुरकुरणाऱ्यांस आम्ही तेथे घेऊन जाऊ इच्छितो.

पाहण्यासारख्या गोष्टींत चारमिनार आलाच. मुहम्मद कुली कुतुबशाहाने तो १५९१ साली बांधला. परंतु ख्रिस्ती कुटुंबांनी न चुकता पाहावे ते सालारजंग वस्तुसंग्रहालय. तेथे ताशी एक गंमत होते: जुन्या घड्याळातून दाढीवाला एक इवलासा मनुष्य बाहेर येऊन टोले देतो, व ते पाहण्यास मोठी माणसे मुलांसारखी आधीपासून बाकांवर दाटीने बसतात. त्याच संग्रहालयात बेंझोनी या इटालियन शिल्पकाराने घडविलेली रिबेकेची संगमरवरी मूर्ती आहे. तिच्या तोंडावर तलम बुरखा असून तोही दगडाचाच आहे, पण त्यातून चेहरा दिसतो. उत्पत्तीच्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय ज्यांना आठवत असेल, त्यांना ही रिबेका कोण ते सांगणे नको. परक्या वाटसरूने पाणी मागताच जिने घागर उतरविली, आणि न मागता त्याच्या उंटांनाही पाजले, तीच ही. पुढे नवऱ्या मुलास दुरून पाहून तिने मुखावर बुरखा ओढला, तो क्षण शिल्पकाराने घेतला आहे. घागरीचा क्षण घेतला असता तर आम्हांस अधिक आवडले असते.

मुसी नदीकाठच्या उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात सुमारे दीडशे माणसे त्याच्या फांद्यांना धरून वाचली. त्यास तिकीट नाही.

आता ज्या विषयासाठी हा लेख हाती घेतला तिकडे वळू. हैदराबादेत चहाच्या टेबलाप्रमाणे दुसरीही टेबले आहेत. दारूच्या दुकानांना लागून परमिट रूम असतात, आणि तेलंगणाची खास म्हणून ताडीची आवारे असतात. मोकळ्या आवारात बाके मांडलेली, बरोबर चटकमटक खाणे, असे त्याचे स्वरूप. ताडीस आम्ही जन्मतः पापी ठरवीत नाही. ताडाचा किंवा शिंदीचा ताजा रस पहाटे घेतला तर ती नीरा होय, आणि काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला हे आम्ही वेदीवरूनच वाचून दाखवितो. परंतु एवढ्या मोठ्या शहरास पुरेल इतकी ताडी देणारी झाडे आहेत कोठे? मग पाण्यात गुंगीची औषधे कालवून तिचे सोंग आणतात. क्लोरल हायड्रेट, डायझेपाम, अल्प्राझोलम ही त्यांची नावे. अशा ताडीची सवय जडलेल्यास ती एकाएकी न मिळाली तर फेफरे येते, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. शहरातील ताडीची दुकाने २००४ साली बंद झाली होती, ती २०१४ साली पुन्हा उघडली. जुलै २०२५ मध्ये कुकटपल्ली भागात भेसळीची ताडी पिऊन पुष्कळ लोक आजारी पडले व काही दगावले. ते मोलमजुरी करणारे लोक होते. आपल्यासारखेच.

त्या प्रदेशातील स्त्रियांनी हे दुःख पूर्वीच ओळखले होते. नेल्लोर जिल्ह्यातील दुबागुंटा गावी साक्षरतेच्या वर्गास जाणाऱ्या बायकांनी १९९२ साली अरकाचे दुकान बंद पाडले. ते लोण राज्यभर पसरले, पुढील वर्षी सरकारला अरकाची विक्री बंद करावी लागली, व जानेवारी १९९५ मध्ये संपूर्ण दारूबंदी आली. ती १९९७ साली उठविली गेली हेही खरे. आपल्याकडे 'उभी बाटली, आडवी बाटली' या मतदानाने दुकाने हटविणाऱ्या बाया याच वाटेने चाललेल्या आहेत. आपल्या धर्मग्रामातील एकाही गावी असे मतदान झालेले नाही, याचे आम्हांस नवल वाटते. त्याविषयी महिला मंडळाशी बोलणे चालू आहे.

मागील एका सहलीत (शहर कोणते ते सांगत नाही) पुरुष 'पाय मोकळे करून येतो' म्हणून गेले, आणि बायका-मुले बसमध्ये पावणेदोन तास बसून राहिली. मुलांना भूक लागली तेव्हा घरून आणलेल्या भाकरी व शेंगदाण्याची चटणी सोडण्यात आली. एका माउलीने आम्हांस नंतर विचारले, "फादर, सहल कोणाची होती?" आम्ही पाहत आलो आहोत की, आपली स्त्री घराबाहेर पडली तरी स्टोव्ह व पिठाचा डबा घेऊनच पडते. दुसऱ्याने केलेला, दुसऱ्याने आणून दिलेला गरम चहा तिने बसून प्यावा, हे वर्षातून एकदा तरी घडते काय? पूर्वी इराण्याच्या हॉटेलात पडदा लावलेली खोली असे व तिच्यावर 'फॅमिली रूम' अशी पाटी असे. आजोबा तेथे कित्येकदा गेले, पण आजीबाईंनी तो कप कधी पाहिला नाही. ज्यांना कपबशीवरून माणूसपण नाकारले गेले होते त्यांनी तरी खुर्ची मिळाल्यावर बाजूची खुर्ची ओढावयास हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या या मतावर पुरुषमंडळी रुसतील, रुसोत.

म्हणून यंदाची व्यवस्था पुढीलप्रमाणे ठरली आहे. सहल नाताळानंतरच्या आठवड्यात निघेल. खाण्याचा खर्च एका थैलीतून होईल व ती थैली महिला मंडळाच्या अध्यक्षांकडे राहील. स्टोव्ह न्यावयाचा नाही. पहिल्या संध्याकाळी चारमिनारजवळ निम्रा येथे सर्वांचा चहा. तेथे बहुधा उभ्यानेच प्यावा लागेल, म्हणून दुसऱ्या दिवशी सिकंदराबादेस टेबले असलेले एखादे इराणी हॉटेल पाहून निवांत बसावे. त्याच सकाळी सिकंदराबादेस संत मरियेच्या मंदिरात मिस्सा होईल. हे मंदिर १८५० चे असून २००८ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला. वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते, तेव्हा तो वार टाळावा. हलीमाची अपेक्षा कोणी धरू नये. त्या दिवसांत रमजान नाही.