उन्हावर चालणारा रेडिओ : ओटागोतली एक सहल

ओटागोत फिरायला जाणारी आपली मंडळी बहुतेक क्वीन्सटाउन गाठतात, बोटीत बसतात, फोटो काढतात आणि परत येतात. आम्ही वेलिंग्टनकर दोघं मात्र ऑक्टोबर २०२४ मध्ये वेगळ्या वाटेला लागलो. ड्युनेडिनला विमानातून उतरून गाडी घेतली, उत्तरेला पामर्स्टनपर्यंत गेलो आणि तिथून आत वळणारा ८५ नंबरचा हमरस्ता धरला. इथले लोक त्याला ‘पिगरूट’ म्हणतात. सुरुवातीलाच लागते ती शॅग व्हॅली. मेंढ्या, कुंपणं, हिरव्या टेकड्या. मुद्दाम थांबून बघावं असं वरवर काहीच नाही. पण हौशी रेडिओवाल्यांना, म्हणजे हॅम मंडळींना, ही जागा देवस्थानासारखी!

इथल्या फार्मवर राहणाऱ्या फ्रँक बेल यांनी १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मोर्सच्या टिंबरेघांमधून थेट लंडनशी संवाद साधला. पलीकडे होता मिल हिल शाळेतला अठरा वर्षांचा विद्यार्थी, सेसिल गॉयडर. न्यूझीलंड आणि इंग्लंड यांच्यातला हा पहिला दुतर्फी रेडिओ संवाद. पुढे फ्रँक शेतीत रमले आणि ते केंद्र त्यांच्या भगिनी ब्रेंडा यांनी सांभाळलं. न्यूझीलंडच्या त्या पहिल्या महिला हॅम; १९२७ साली त्यांनी दक्षिण आफ्रिका गाठली. अर्थात रेडिओवरून!

आता कोणी म्हणेल, खिशात मोबाइल असताना हा खटाटोप कशाला? त्याचं उत्तर नेपियरकडे आहे. ३ फेब्रुवारी १९३१ च्या भूकंपात तारा तुटल्या तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनीच निरोप पोचवले, आणि त्या अनुभवातून १९३२ साली त्यांचं आपत्कालीन पथक उभं राहिलं. ते आजही काम करतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये गॅब्रिएल चक्रीवादळ आलं, रेडक्लिफचं वीज उपकेंद्र पाण्याखाली गेलं, नेपियर अंधारात बुडालं. मोबाइलच्या टॉवरांच्या बॅटऱ्याही काही तासांत संपल्या. आमच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब तिथे होतं. दोन दिवस काही पत्ता नाही. पुण्याहून त्यांच्या आईंचा दर तासाला आम्हाला फोन, “काही कळलं का हो?” मंडळी सुखरूप होती, पण ते दोन दिवस आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर आम्ही दोघांनी परीक्षा देऊन हॅमचं लायसन्स घेतलं. भिंतीतल्या विजेवाचून चालणारा संच जमवायचा हेही तेव्हाच ठरलं. ओटागोची सहल म्हणजे त्या संचाची परीक्षा होती.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “किती वॉटचं पॅनेल देऊ?” खरं तर सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. घरखर्च ठरवताना आधी गरज बघतो आणि मग पैशांची सोय, तसंच. आमचा लहान सेट पाच वॉटचा. ऐकताना साधारण ०.४ अँपिअर घेतो, बोलताना २ अँपिअर. दिवसाकाठी पाच तास ऐकणं आणि एक तास बोलणं धरलं, तर एकूण ४ अँपिअर-तास. शंभर वॉटचा मोठा सेट बोलताना २० अँपिअरपर्यंत ओढतो. त्याला पुरेल एवढी बॅटरी पाठीवर घेऊन डोंगर चढायचा तर बरोबर हमालच न्यावा लागेल.

मग बॅटरी. जुन्या शिशाच्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर ती लवकर खराब होते. शिवाय वजन फार. म्हणून लिथियम आयर्न फॉस्फेटची, १२.८ व्होल्ट आणि ६ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली. गुणाकार केला तर ७७ वॉट-तास होतात. हा आकडा विमानाने जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावा. सुट्या लिथियम बॅटरीला १०० वॉट-तासांपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही, त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीला विचारावं लागतं. आणि ती हातातल्या बॅगेतच न्यायची, टोकांवर चिकटपट्टी लावून.

पॅनेल ३० वॉटचं, घडीचं. त्याच्यावरचा आकडा प्रयोगशाळेतल्या उन्हाचा असतो. प्रत्यक्षात साठ टक्के मिळाले तरी खूश राहावं. म्हणजे १८ वॉट. आमचा दिवसाचा खर्च भरून काढायला स्वच्छ ऊन असेल तर साडेतीन तास पुरतात. पॅनेल उघडं असताना २१-२२ व्होल्ट देतं, म्हणून ते सेटला थेट कधीच जोडू नये. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच, आणि तोही लिथियमसाठी चालणारा.

नेजबीच्या पुढे हॉकडन डोंगराच्या पायथ्याशी तंबू ठोकला. हे डोंगर माथ्यावर सपाट, लांबलचक. आपल्या सह्याद्रीतल्या पठारांची आठवण यावी असे. झाडं मात्र नाहीत, नुसतं पिवळं गवत आणि वारा. वाऱ्याने उडू नये म्हणून पॅनेल दोरीने खुंट्यांना बांधलं. पुण्यात गच्चीवरचा सोलर बंब दक्षिणेकडे तोंड करून असतो. इथे पॅनेल उत्तरेकडे करायचं. आणि उभंही जास्त ठेवायचं. पुण्यात डिसेंबरातही दुपारचा सूर्य ४८ अंशांवर असतो, इथे जूनमध्ये जेमतेम २२ वर! तंबूच्या दोरीची बारीकशी सावली पडली तरी वीज एकदम घटते, हेही डोळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी सेट लावला तर ७ मेगाहर्ट्‌झवर नुसती खरखर. चोर ओळखायची युक्ती सोपी आहे. पॅनेलवर चादर टाकली, खरखर थांबली. म्हणजे आवाज चार्ज कंट्रोलरचा. आधुनिक कंट्रोलर वीज जास्त काढतात, पण त्यांतले काही रेडिओला असा त्रास देतात. उपाय एकच, ऐकताना पॅनेल काढून ठेवायचं आणि बॅटरीवर चालवायचं. २३० व्होल्ट देणारी तयार पेटी घेतली असेल, तर तिचं १२ व्होल्टचं भोक वापरावं. इन्व्हर्टर चालू केला की पुन्हा तीच गडबड.

रात्री थंडी कडाक्याची. जवळच्या रँफर्लीत १७ जुलै १९०३ रोजी उणे २५.६ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, हा देशातला नीचांक. आम्हाला तेवढं नाही, पण सकाळी तंबूवर दहिवर गोठलेलं होतं. शून्याखाली ही बॅटरी चार्ज केली तर कायमची बिघडते, म्हणून ती रात्रभर झोपण्याच्या पिशवीत, आमच्या दोघांच्या मध्ये! सकाळी ऊन अंगाला लागल्यावरच तारा जोडल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर हाक दिली. दोन-तीनदा कोणी नाही. मग बारीक पण स्वच्छ आवाज आला, हॉक्स बेचा! सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर लांबून, पाच वॉटवर. गृहस्थांनी हवापाणी विचारलं, बॅटरी कुठली म्हणून चौकशी केली आणि म्हणाले, गॅब्रिएलपासून माझंही पॅनेल दाराशीच असतं.

आपली मुलंबाळं या भूकंपाच्या देशात आहेत आणि आईवडील समुद्रापलीकडे. प्रत्येकाने हॅम व्हावं असं आम्ही म्हणत नाही. पण गावोगावच्या आपल्या मंडळांत एकेका घरी तरी लायसन्स असावं, कपाटात असा संच असावा आणि महिन्यातून एकदा तो उन्हात काढून चालवून बघावा. वजन तीन किलोसुद्धा नाही. कोणाला यायचं असेल तर सांगा. पुढच्या खेपेला तंबूत जागा करू, पोहे आमच्याकडे.