वेळासची राखण

आपल्या धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. मग हा विस्तार अधिकारी बी-बियाणे सोडून कासवाचे काय घेऊन बसला, असे तुम्ही म्हणाल. पण ज्या माउलीला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवता येते, तिला हे माझ्याआधी उमगेल.

गेल्या मार्चमध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळासला गेलो होतो. नाना फडणविसांचे हे गाव. हिवाळ्यात तिथे ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत येते, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. परत बघायलाही येत नाही. सौ. बरोबर होती. म्हणाली, "शंभर लेकरं, अन् राखायला कुणी नाही!"

तेच तर. अंडी कुत्री-कोल्ही उकरत, माणसेही नेत. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पण कायदा काही पहाटे किनाऱ्यावर फिरत नाही. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून राखण सुरू केली. मादीचा माग काढायचा, अंडी उचलायची आणि जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल पुरायची.

कोंबडी अंडी फिरवत राहते, उबवणी यंत्रातही ती फिरवावी लागतात. कासवाचे अंडे मात्र काही तास उलटल्यावर उलटेसुलटे झाले तर आतला जीव जातो. ऊब वाळूचीच. वाळू फार तापली तर माद्या जास्त, गार राहिली तर नर. ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले निघतात. टोपली उचलली की ती आपली आपण पाण्याकडे चालू लागतात. उजेडाने ती भरकटतात, म्हणून बॅटऱ्या बंद. आता हे पाहायला लांबून लोक येतात, गावातच उतरतात, जेवतात. आम्हीही एका घरी तांदळाची भाकरी खाल्ली.

आपल्याकडे उन्हाळी नांगरटीत टिटवीची चार अंडी ढेकळांत असतात. तिने ती उंचवट्यावर घातली तर पाऊस जास्त, हा अंदाज आपण तिच्याकडून फुकट घेतो आणि मग वरून ट्रॅक्टर नेतो! अंडी दिसली तर चार हात जागा सोडा. खुणेची काठी जरा लांब रोवा, नाहीतर कावळ्याला पत्ता लागतो. पिल्ले निघाली की लगेच चालू लागतात. मग तो तुकडा वखरून घ्या.