फरशीखालचा मुरूम

भीमाकाठच्या काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याने एक गोष्ट आधीच पत्करलेली असते, की ही जमीन स्वस्थ बसणारी नव्हे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळून आक्रसते. म्हणून जाणते गवंडी जोत्यात मुरूम भरीत, थराथराला पाणी मारून धुम्मस करीत. पळसदेवकरांना मात्र तेवढी सवड कोठून मिळावी? उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जुने गाव पाण्याखाली गेले आणि माणसे वर नव्या गावठाणात आली. पळसनाथाचे प्राचीन मंदिर तेवढे मागे राहिले. २०२४ च्या उन्हाळ्यासारखे पाणी फार उतरले की ते उघडे पडते आणि लोक पाहायला जातात.

माझ्या बहिणीचे सासर या गावचे. तिच्या सासऱ्यांनी मोबदल्याच्या पैशांतून घर उभारले आणि पुढच्या खोलीत शहाबादी फरशी बसविली. आज ते हयात नाहीत. फरशी एका कोपऱ्यात खचली आहे, मधली एक उचलली आहे. महिन्यातून एकदा फादर येतात, तेव्हा मिस्साच्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी घालावी लागते. त्याचे कोणाला काही वाटत नसे. पण गेल्या हिवाळ्यात बहिणीच्या सासूबाई त्याच उंचवट्याला अडखळून पडल्या, आणि दाजींनी सगळी फरशी उखडून टाकायचे ठरविले.

“तुझ्या बापाने उन्हात बसून एकेक फरशी निवडली होती,” एवढेच सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

लॅमिनेटची गोष्ट निघाली ती या अबोल्यातून. १९७७ साली स्वीडनमध्ये पर्स्टोर्प कंपनीने काढलेली ही जमीन म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लाकडी भुशाच्या पट्ट्या, वर लाकडाचे छापील चित्र. तिला खिळा नको, सरस नको. पट्ट्या एकमेकींत अडकून तरंगत राहतात, म्हणजे खालची फरशी जागच्या जागी राहू शकते. मला स्वतःला हे नकली लाकूड फारसे आवडत नाही, तरी येथे ते उपयोगाचे होते.

अडचण होती ती उंचसखलपणाची. दोन मीटर लांबीत तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक या पट्ट्या सोसतात. आम्ही ॲल्युमिनियमची पट्टी आडवी धरून पाहिले, तर कोपऱ्यात चौदा! दुकानदार म्हणाला, खाली जाड फोम घाला, सगळे झाकून जाईल. ते खरे नव्हे. फोम पावलाखाली दबतो, पट्टी लवते आणि सांध्याची जीभ मोडते. खड्डा भरूनच काढावा लागतो.

कोपरा सिमेंट-वाळूने समपातळीत आणून पुरता वाळू दिला. उचललेली फरशी मात्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. दाजींनी आईला विचारले. बराच वेळ गेला, मग त्या म्हणाल्या, “एकच काढ. आणि फोडू नको.”

गवंड्याने ती हलक्या हाताने सोडविली. शेजारच्या बाजूला हात घातला तर खाली वीतभर पोकळी! मुरूम कधीच बसून गेला होता. सासूबाई वाकून पाहत होत्या. “घाईत भरला होता. पाऊस तोंडावर होता,” त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी कोणाला सांगितले नसावे. पोकळी नव्या मुरुमाने ठोकून भरली आणि तीच फरशी पुन्हा तेथेच बसविली.

पुढचे काम दीड दिवसाचे. प्लॅस्टिकचा कागद फरशीला चिकटवून एक रात्र ठेवला. सकाळी खाली दव दिसले नाही, तरीही ओलीच्या भयाने सबंध खोलीभर प्लॅस्टिक अंथरले, वर पातळ फोम. भिंतीलगत चहूकडे दहा मिलिमीटर फट सोडली, कारण दमट हवेत या पट्ट्याही फुगतात. काळ्या मातीच्या गावात हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आता बादलीभर पाण्याने खोली धुण्याची सोय राहिली नाही, याची सासूबाईंना खंत आहे. घट्ट पिळलेल्या फडक्याने त्या रोज स्वतः पुसून घेतात आणि कोपऱ्यात पोहोचल्यावर तळव्याने दाबून पाहतात. पहिला पाऊस अजून व्हायचा आहे.