पृथ्वी शॉ आणि सातवीचं गणित

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. ठाण्याच्या धाकट्या जावयांनी फोनवर विचारलंसुद्धा, "काय अप्पा, पेन वाळलं का?" पेन वाळलं नव्हतं. एक गोष्ट लिहावी की नाही या विचारात दोन महिने गेले. आज लिहूनच टाकतो.

शहापूरच्या एसटी स्टँडजवळ आम्हा चार-पाच पेन्शनरांचा रोजचा चहा असतो. निवृत्त कंडक्टर एक, पोस्टातले एक, भाताच्या गिरणीचे मालक एक आणि मी. राजकारणावर बोलायचं नाही असा आमचा नियम आहे (दोघांत एकदा बोलाचाली बंद झाली होती, तेव्हापासून). मग उरतं काय? क्रिकेट. आपल्याकडे भात कापून झालं की खाचरं मोकळी होतात, बांध हीच बाउंड्री, आणि नोव्हेंबरपासून गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा, भोंगे, कॉमेंट्री. त्यामुळे क्रिकेटवर मत नाही असा माणूस शहापूर-मुरबाडात सापडायचा नाही.

तर गोष्ट नोव्हेंबर २०२४ ची. आयपीएलच्या लिलावात पृथ्वी शॉवर कोणी बोलीच लावली नाही. मूळ किंमत ७५ लाख, तीसुद्धा कोणी दिली नाही. त्याच्या महिनाभर आधी मुंबईच्या रणजी संघातून त्याला बाहेर ठेवलं होतं. वजन वाढलंय, सरावाला धड येत नाही, असं पेपरात येत होतं. टपरीवर दोन तट पडले.

"सर, त्याचा काय खरा नाय आता," कंडक्टर म्हणाले. गिरणीवाले मात्र त्याच्या बाजूनं. "पंचवीस वर्षांचं पोर आहे. पंचविसाव्या वर्षी तुम्ही काय होतात? रोजंदारीवर होतात!" पोस्टातल्यांनी विनोद कांबळी काढला. हा विषय निघाला की कांबळी निघतोच. १९८८ साली शारदाश्रमकडून सचिनबरोबर ६६४ ची भागीदारी, त्यात कांबळीच्या नाबाद ३४९, सचिनच्या नाबाद ३२६. पुढे १७ कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४ च्या वर, आणि शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षी! "हा त्याच वाटेनं चाललाय," असं ते म्हणाले.

त्यावर मी निकाल दिला. मास्तरांची खोड, दुसरं काय. मी म्हणालो, "संपला तो. लहानपणी कौतुक झालं, डोक्यात हवा गेली." सगळे गप्प झाले. मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

आता या मुलाविषयी थोडं, कारण आमच्या ब्लॉगवाल्या भगिनींपैकी सगळ्याच क्रिकेट बघत नाहीत. हा मूळचा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातला, विरारचा. आई तो अगदी लहान असताना गेली. वडील त्याला घेऊन लोकलनं मुंबई गाठायचे. नोव्हेंबर २०१३ मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात वांद्र्याच्या रिझवी स्प्रिंगफील्ड शाळेकडून त्यानं एका डावात ५४६ धावा काढल्या. वय चौदा. सचिन १६ नोव्हेंबरला वानखेडेवर निवृत्त झाला, आणि चारच दिवसांत हे. लोकांनी मग दुसरं काय म्हणावं? सिंहासन रिकामं झालं नि वारस हजर! २०१८ च्या फेब्रुवारीत तो कर्णधार असताना एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक आपण जिंकला. त्याच ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. मी तो डाव अथपासून इतिपर्यंत पाहिला. मागच्या पायावरचे त्याचे फटके पाहून आमच्या सौ. सुद्धा म्हणाल्या, "हे पोर छान मारतंय हो."

मग उतरण. २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधातून बंदी असलेलं द्रव्य पोटात गेलं म्हणून आठ महिने बंदी. डिसेंबर २०२० ला ॲडलेडची कसोटी. करोनामुळे घरातच होतो, सकाळीच टीव्ही लावला. रिकी पाँटिंग कॉमेंट्रीला होता. तो दिल्लीच्या संघात या मुलाचा कोच, त्याला नखशिखांत ओळखणारा. पाँटिंग सांगत होता की याच्या बॅट आणि पॅडमध्ये फट राहते, ऑस्ट्रेलियाचे गोलंदाज तिथेच मारा करतील. तो बोलतोय तोवर स्टार्कचा चेंडू आत आला, बॅटची कड घेऊन त्याच फटीतून स्टंपावर. दुसऱ्याच चेंडूवर शून्य! दुसऱ्या डावात चार, पुन्हा बोल्ड. त्याच डावात आपण सगळे मिळून ३६ केल्या. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. पाच कसोटी, ३३९ धावा, इतकाच हिशेब.

धावा आटल्या होत्या असंही नाही. २०२१ ला विजय हजारे करंडकात ८२७ काढल्या, २०२३ च्या जानेवारीत गुवाहाटीला आसामविरुद्ध ३७९, त्याच वर्षी इंग्लंडात नॉर्दम्प्टनशायरकडून २४४, आणि लगेच गुडघा दुखावला. मुंबईकडून निघून २०२५ मध्ये तो महाराष्ट्राकडे आला.

इथपर्यंत सगळं टपरीवरचं. आता माझं.

त्या नोव्हेंबरात मी जे वाक्य टाकलं, "डोक्यात हवा गेली", ते माझ्या तोंडात नवं नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेच्या शिक्षकखोलीत हेच शब्द मी एका मुलाविषयी बोललो होतो.

मी बी.ए. मराठीचा माणूस. पण शाळेत गणिताला शिक्षक नव्हता, म्हणून पाचवी ते सातवीचं गणित माझ्या गळ्यात. १९९४ च्या सुमारास सातवीत एक मुलगा आला. वडील दुसऱ्याची खाचरं अर्धेलीनं करायचे. पोराचं डोकं असं की फळ्यावर उदाहरण लिहून खडू खाली ठेवेपर्यंत उत्तर तयार. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा बारा तासांत, दोन्ही मिळून किती? मी 'समजा' असं लिहायला घेतो तोच खिडकीकडून आवाज, "चार तास, सर!" मला काय आनंद व्हायचा! वहीत तो नुसतं उत्तर लिहायचा. पायऱ्या नाहीत, रीत नाही, काही नाही. आणि मी पूर्ण गुण द्यायचो. बाकीच्यांना पायरी चुकली की अर्धा गुण कापणारा मी! त्याच्या वहीवर मात्र लाल पेनानं 'शाबास'. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत उत्तरच हवं होतं, रीत कोण बघतंय. तो शिष्यवृत्तीत आला. गावानं लेझीम लावून मिरवणूक काढली. हार त्याच्या गळ्यात पडला, माझ्याही पडला.

दहावीला बरे गुण मिळाले, पण त्या बोलबाल्याच्या मानानं कमीच. मग कल्याणला अकरावी सायन्स, पहाटेची एसटी, रात्री उशिरा घर. बारावीला गणितात आणि फिजिक्समध्ये नापास. ऑक्टोबरला बसला, पुन्हा नापास. मग सोडलं. मी शिक्षकखोलीत निकाल दिला, तो वर लिहिलाच आहे.

गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ ला, हयातीचा दाखला द्यायला मुरबाडच्या बँकेत गेलो होतो. येताना सरळगावला शहापूरची गाडी बघत उभा होतो. पलीकडच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून हाक आली, "सर!" केस पिकू लागलेले, हाताला वॉर्निशचा वास. तोच. स्टूल पुसून बसवलं, चहा मागवला. तांब्याच्या तारेची गुंडाळी हातात तशीच फिरत होती. आकडे न लिहिता मोजत असावा.

बोलता बोलता क्रिकेट निघालं. त्या आधीच्याच महिन्यात शॉचं महाराष्ट्राकडून रणजीचं पदार्पण झालं होतं. केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, संघ ५ बाद १८. दुसऱ्या डावात ७५. आणि पुढच्या सामन्यात चंदीगडविरुद्ध आधी ८, मग २२२, तेसुद्धा १५६ चेंडूंत. मी आपलं सवयीनं म्हटलं, "काही म्हण, लहानपणीच्या कौतुकानं वाया गेलेलं पोर ते."

तो तार गुंडाळत म्हणाला, "सर, कौतुकानं नाय जात कोण वाया. ती फट त्याच्या शाळेतल्या खेळातपण असणारच. पण पाचशे शेचाळीस काढणाऱ्याला कोण सांगणार, तुझा पाय चुकतोय म्हणून? धावा होतायत ना!"

मी काही बोललो नाही. मग त्यानं मान वर न करता सांगितलं, "बारावीचा गणिताचा पेपर हातात आला ना सर, तेव्हा उत्तरच दिसंना. कायम दिसायचं, त्या दिवशी नाय दिसलं. आणि उत्तर दिसत नसलं तर सुरुवात कुठून करायची ते मला ठाऊकच नव्हतं. तीन तास बसून होतो."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं, मला काही तरी उत्तर देता आलं असतं. मी म्हणालो, "पायऱ्या लिहायला मी तुला सांगायला हवं होतं रे." तर तो हसला. "मी थोडाच ऐकलो असतो? तुम्ही पूर्ण मार्क द्यायचात." तेवढ्यात गाडी आली. चहाचे पैसे त्यानं देऊ दिले नाहीत.

किन्हवलीपर्यंत खिडकीतून कापलेली खाचरं बघत आलो. एका खाचरात पोरं खेळत होती. एक बारकं पोर आडवी बॅट फिरवत होतं नि चेंडू दर वेळी बांधापलीकडे. बाकीची ओरडत होती, "मार, मार!"

सगळा दोष मास्तरांचा असतो असं म्हणून मी मोकळा होणार नाही. तो मुलगाही बारावीत कमी पडला असेल, प्रवासानं थकला असेल. आणि शॉ काही चौदा वर्षांचा राहिलेला नाही. वजन, सराव, जागरणं ज्याची त्यानंच बघायची असतात. श्रेयस अय्यर त्याचा मुंबईचा कर्णधार होता, तोही २०२४ ला जाहीरपणे अशाच अर्थाचं बोलला, की कोणाला लहान मुलासारखं सांभाळत बसता येत नाही. ते बरोबरच आहे. पण मला राहून राहून वाटतं, ५४६ च्या संध्याकाळी कुणी तरी त्याला बाजूला घेऊन त्या फटीबद्दल बोललं असतं तर? कदाचित बोललं असेलही. हार गळ्यात असताना ऐकू कमी येतं. मला तरी नव्हतं आलं.

आणखी एक नाव या चर्चेत आमच्या टपरीवर कोणी घेत नाही. अमोल मुजुमदार. ६६४ च्या त्या भागीदारीत तो पॅड बांधून बसून राहिला, त्याची पाळी आलीच नाही. रणजीच्या पहिल्याच सामन्यात २६० काढल्या, पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा, तरी भारताकडून एकही सामना नाही. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा त्यांचा कोच तोच! त्याचा निकाल आम्ही कितीदा लावला असेल, देव जाणे.

डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्लीनं शॉला ७५ लाखांत घेतलं, तेही शेवटी शेवटी, आधी पुन्हा कोणी हात वर केला नव्हताच. टपरीवर परत विषय निघाला. गिरणीवाले जिंकल्यासारखे बसले होते. कंडक्टर म्हणाले, "दोनशे बावीस काढल्या तर काय झाला, चंदीगडचे बॉलर ते." मला स्वतःला त्या २२२ पेक्षा केरळविरुद्धच्या ७५ जास्त मोलाच्या वाटतात. पहिल्या डावात शून्य, नवा संघ, सगळा महाराष्ट्र बघतोय, आणि त्यानंतर खेळायला उतरणं. तो डाव कसा काढला, पाय कुठे टाकत होता, हे बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. नातवाला सांगून ठेवलंय, मोबाईलवर कुठे मिळतो का बघ.

"मग सर, तुमचं काय मत? चालेल का आता?" पोस्टातल्यांनी विचारलं.

"बघू," मी म्हटलं.

"बघू? अहो, तुम्ही तर संपला म्हणाला होतात!"

"म्हणालो होतो," मी म्हटलं, आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे मी दिले.