टबातले मूल

परवा वाचनालयात चित्रांचे एक जाडजूड पुस्तक चाळीत बसले होते. एका पानावर हात थांबला. बाई मेजाशी लिहिण्यात दंग आणि इकडे पाण्याच्या टबात तिचे मूल डोक्यावर पडलेले, नुसते दोन पाय वर! खाली आईच्या लेखनाची धग आणि टबातले पाणी यांवर कोटी. मी इतकी मोठ्याने हसले, की ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिले.

चित्र फ्रान्सच्या ओनोरे दोमिएचे, १८४४ सालचे. लुई फिलिप राजाला खादाड राक्षस करून रेखाटल्याबद्दल हा गृहस्थ १८३२ मध्ये तुरुंगात गेला होता. पुढे १८३५ च्या कायद्याने राजकीय व्यंगचित्रांचे तोंड बांधले, तेव्हा त्याने घरे, कोर्टे, शाळा यांच्याकडे मोर्चा वळवला. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, दगड ओला करून शाई फिरवायची. शाई धरते ती रेघांनाच. मग 'शारिवारी' दैनिकातून सारे पॅरिस हसायचे. 'निळे मोजे' ही त्याची माला लिहित्या बायकांवर. राजाला हसायची सोय उरली नाही. बायकोला हसायला कोण हरकत घेणार?

माझे हसू मात्र लवकरच ओसरले. मुलगी चार वर्षांची असताना मी कादंबरीचे शेवटचे प्रकरण लिहीत होते. "आई, दूध!" ती तीनदा म्हणाली. "थांब ग, एवढं वाक्य संपू दे." वाक्य संपले, तोवर तिने आपणच पातेल्याला हात घातला होता. मनगटावरचा डाग अजून आहे. वाक्य पुढे मीच खोडले.

पुस्तक घरी आणून तिला दाखवले. आता ती कॉलेजात जाते. वाटले, ही मनगटाकडे पाहील. तिने चित्र निरखले आणि विचारले, "आई, ह्या बाळाचे बाबा कुठं आहेत ग?"

मी पुन्हा पाहिले. बाबा चित्रात नव्हतेच. आणि मग आठवले, त्या दिवशी आमच्याकडचे बाबा ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होते! दोमिएने चित्रातून बापाला वगळले, तसे मी इतकी वर्षे माझ्या आठवणीतून यांना वगळले होते. दोष सगळा एकटीने घेतला होता.

काल रात्री लिहीत होते. दूध वर येऊ लागल्याचा वास आला. मान वर न करता मी हाक मारली, "अहो, दूध!"

उठले हो!