रांगोळीचा छाप

दिवाळी आली की आमच्या माळ्यावरून पत्र्याचे दोन छाप खाली उतरतात. एक कमळाचा, दुसरा गोपद्मांचा. छापावर रांगोळी भुरभुरायची आणि तो अलगद उचलायचा, की उंबऱ्याशी कमळ हजर! परवा मी ते छाप पुसत बसलो होतो, तेव्हा सूनबाई हसून म्हणाली, "बाबा, मीसुद्धा ऑफिसात दिवसभर हेच करते."

तिचे काम विजेच्या पॅनेलांच्या आकृत्या काढण्याचे. मीही जन्मभर तेच केले. मुदखेडहून पुण्याला आलो तो ड्राफ्ट्समन म्हणून. मनमाड-सिकंदराबाद मार्गाला आदिलाबादचा फाटा फुटतो, ते आमचे मुदखेड जंक्शन. कुठून निघायचे आणि कुठे पोचायचे, हा धडा मी त्या रुळांकडूनच शिकलो असेन. केबलच्या आकृतीत तरी दुसरे काय असते? डावीकडे निघण्याचे ठिकाण, उजवीकडे पोचण्याचे, आणि मध्ये प्रत्येक तारेचा क्रमांक व रंग.

आमच्या वेळी ही आकृती ट्रेसिंग कागदावर शाईने काढीत. चुकले तर दाढीच्या पात्याने खरवडायचे. मग अमोनियाचा प्रिंट. त्या वासाने डोळ्यांतून पाणी येई. नवे काम आले की जुनाच कागद घ्यायचा आणि नावे बदलायची. वेळ वाचे, साहेब खूश होई.

अशाच एका घाईत मी एका मोटरचा कागद दुसरीसाठी वापरला. पहिली मोटर उलटी फिरवायची होती, म्हणून तिच्या तीन तारांपैकी लाल आणि निळी यांची अदलाबदल केलेली होती. मी नावे बदलली. तारा तशाच राहिल्या. पंप उलटा फिरला. ठपका आला वायरमनवर. तो पोरगा मुदखेडचाच. मीच त्याला कामाला लावले होते. त्याने कागदाप्रमाणेच तारा जोडल्या होत्या. संध्याकाळी चूक माझ्या लक्षात आली. मी काय केले? पाते काढले, दोन आकडे खरवडले, नवा प्रिंट काढला आणि गप्प बसलो. आठवड्याने त्या पोराला घरी बसवले.

सूनबाईने संगणकावर तिचा 'छाप' दाखवला. त्यात एकही नाव नाही, एकही आकडा नाही! नुसत्या रिकाम्या जागा: केबलचे नाव इथे, तारांची संख्या इथे, जाडी इथे, लांबी इथे. मूळ आकृतीत जोडणी ठरली, की संगणक ती उचलून त्या त्या जागी भरतो. तारा जास्त झाल्या तर पुढचे पान आपोआप उघडतो. चाळीस केबली असोत, छाप एकच.

"मागच्या कामाचे काही उरत नाही?" मी विचारले.

"उरूच द्यायचं नाही, बाबा. छापात रेघा ठेवायच्या, माहिती नाही. एक आकडा जरी छापात राहिला, तरी तो चाळीस पानांवर उमटेल."

किती साधी गोष्ट! आई छाप उचलला की झटकून मगच दुसरा रंग घेई. मला ते ठाऊक होते, फक्त रांगोळीपुरते.

पानाच्या कोपऱ्यात दोन चौकटी होत्या: 'काढणार' आणि 'तपासणार'. त्यांतही नावे आपोआप आली. मी म्हणालो, "बाकी सगळं संगणकाला भरू दे. ही नावं तेवढी स्वतःच्या हातानं लिहीत जा." ती माझ्याकडे पाहत राहिली. मग मी तिला सगळे सांगितले.

दुसऱ्याच दिवशी तिने मला गाडीत बसवून दिले. मुदखेडला उतरलो तेव्हा फलाटावर झेंडूचा वास होता. फुलशेतीचे गाव ते. दिवाळीत तिथे उसंत कुणाला? मोटर-वाइंडिंगच्या एका दुकानात तो भेटला. कानांवरचे केस पिकले होते. मी उभ्याउभ्याच बोलून टाकले.

तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "दादा, जुना प्रिंट माझ्यापाशीच होता की. पण मला कामाला लावलं तुमीच. दाखवून काय करू?"

मग त्याने मुलाला हाक मारून चहा सांगितला. त्या चहाची चव गोड होती की कडू, हे मला अजून ठरवता आलेले नाही.